घाटमाथ्यावरच्या दोघी जावा

लोणावळे आणि खंडाळे ही दोन नावे आपण नेहमी जोडीनेच घेतो. एक म्हटले की दुसरे आपोआप तोंडी येते. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर बसलेली, आणि त्यांच्यामधले अंतर पाच किलोमीटरांच्या आतले. एका घरातल्या दोघी जावांसारखे त्यांचे नाते आहे. खंडाळे ही थोरली. बोरघाटाच्या माथ्यावरचा मुक्काम म्हणून तिचे नाव जुन्या प्रवाशांच्या आणि सैन्यांच्या तोंडी होते. लोणावळे ही धाकटी. पण आगगाडी आली, आणि घराच्या किल्ल्या धाकटीच्या कमरेला गेल्या. बाजार तिच्याकडे, मोठे स्टेशन तिच्याकडे, १८७७ पासून नगरपालिकाही तिच्याकडे. थोरली मात्र दरीच्या तोंडाशी शांत बसून खाली कोकणाकडे पाहत राहिली आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही गावे पाहिली आहेत, पण कशी? श्रावणातला एखादा रविवार, भुशीच्या पायऱ्यांवरचे पाणी, भाजलेले मक्याचे कणीस, आणि परतताना पिशवीत चिक्कीची चार पाकिटे. यात वाईट काही नाही. मात्र एखाद्या माणसाला केवळ लग्नाच्या मांडवात पाहावे आणि त्याची ओळख झाली म्हणावे, तशातला हा प्रकार आहे. या गावांची खरी ओळख व्हायची तर बारा महिने तिथे जावे लागते. प्रत्येक ऋतूत त्यांचा वेगळा चेहरा दिसतो, आणि नवल असे की प्रत्येक ऋतूत त्यांच्या इतिहासाचे वेगळे पान उघडे पडते. हा लेख म्हणजे त्या वर्षभराच्या फेरीची एक वही आहे, असे समजायला हरकत नाही.

दिवाळी : भरलेली तळी

फेरीला दिवाळीपासूनच सुरुवात करू. पाऊस नुकताच गेलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, उतारांवरची सोनकीची पिवळी फुले सुकू लागलेली असतात, आणि सगळी तळी काठोकाठ भरलेली असतात. लोणावळ्याचे तळे, वळवण, तुंगार्ली, भुशी, पलीकडे शिरवत्याचा मोठा विस्तार. सकाळच्या वेळी वळवणच्या पाण्यावर धुके उतरलेले असते आणि काठावर बगळे उभे असतात. हे सारे निसर्गाने आपल्यासाठी मांडून ठेवले आहे, असा भास व्हावा इतके ते सुंदर दिसते.

पण यातले एकही तळे निसर्गाने केलेले नाही. ही सगळी तळी माणसाने बांधली, आणि ती प्रवाशांच्या मनोरंजनासाठी बांधली नाहीत. भुशीचे तळे रेल्वेने एकोणिसाव्या शतकात बांधले, कारण घाट चढून आलेल्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवे होते. लोणावळे, वळवण आणि शिरवते ही तळी विसाव्या शतकात झाली, कारण मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. आपण ज्याला सहलीचे ठिकाण म्हणतो ते मुळात एका मोठ्या कारखान्याचे पाण्याचे कोठार आहे. या एका गोष्टीची आठवण ठेवली म्हणजे पुढच्या साऱ्या ऋतूंचा अर्थ लागू लागतो.

हिवाळा : वाटांचा इतिहास

मार्गशीर्ष ते माघ हा पायी फिरण्याचा काळ. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, आणि नागफणीच्या सुळक्यावरून खालचे कोकण स्पष्ट दिसते. इंग्रजांनी वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक म्हणून या सुळक्याला 'ड्यूक्स नोज' हे नाव दिले. आपल्या लोकांनी आधीच त्यात नागाची फणा पाहिली होती.

इथे उभे राहिले की कळते, या गावांचे भाग्य पहिल्यापासून वाटेशी बांधलेले आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून घाटावरच्या पैठण-तेरकडे जाणारा माल याच भागातून वर चढत असे. त्या व्यापाराची साक्ष लोणावळ्याच्या पूर्वेला, तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत आहे. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. कार्ल्याचे त्यानंतरचे, सुमारे १२४ फूट लांबीचे, आणि कोरीव चैत्यगृहांत साऱ्या देशात सर्वांत मोठे. त्याच्या छताला बसवलेल्या सागवानी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत.

कार्ल्याच्या भिंती आणि खांब वाचता आले तर तिथे राजांपेक्षा सामान्य माणसेच अधिक भेटतात. वैजयंतीचा शेठ भूतपाल आपण हे शैलगृह पूर्ण केल्याचे सांगतो. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे अत्तरे विकणारा, दाराचे दान देतो. कित्येक खांब यवनांनी दिलेले आहेत. उषवदाताने भिक्षूंच्या वर्षावासाच्या खर्चासाठी एक गाव दिल्याचा लेखही तिथेच आहे. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहणे. तेव्हा पावसात लोणावळ्याच्या परिसरात मुक्काम करण्याची प्रथा मुंबईकरांनी काढली, असे कोणी म्हणू लागला तर त्याला कार्ल्याच्या लेण्यात न्यावे. तिथले पाहुणे दोन हजार वर्षांपूर्वी आले होते, आणि बरेच शांतपणे राहत होते.

वाट आली की तिच्यामागून फौजा येतात. १६६१ च्या फेब्रुवारीत शाएस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान पुण्याहून निघून लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. बरोबर रायबागन होती, मोठी फौज होती, सामानसुमान होते. खाली उंबरखिंडीत दोन्ही बाजूंच्या झाडीत शिवाजी महाराजांची माणसे दबा धरून बसली होती. पुढची वाट अडली, मागची वाट अडली, आणि फौजेला प्यायला पाणीही मिळेना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामान टाकून तो जीवानिशी परत गेला. नागफणीवरून त्या रानाकडे पाहिले म्हणजे थोडी माणसे मोठ्या फौजेला कशी भारी पडली, हे पुस्तकावाचून समजते.

शंभरावर वर्षांनी दुसरी फौज उलट बाजूने आली. रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यास आले. त्यांच्यातला कॅप्टन स्टुअर्ट हा धाडसी अधिकारी. शत्रूलाही त्याचे इतके कौतुक की मराठी फौजेत त्याचे नाव 'इष्टुर फाकडा' पडले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तो गोळी लागून पडला. टेहळणीसाठी झाडावर चढला असताना गोळी लागली, असे सांगतात. पुढे महादजी शिंद्यांनी इंग्रजांची पुरती कोंडी केली आणि वडगावला त्यांना मानहानीचा तह करावा लागला. ज्याच्या मुलखावर तो चालून आला, तिथल्याच लोकांनी या फाकड्याची स्मृती जपून ठेवली. वडगावला त्याचे स्थान दाखवतात.

हिवाळ्यात लोणावळ्याला आणखी एका प्रकारची माणसे दिसतात, ती सकाळी लवकर उठणारी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली इथे कैवल्यधामाची स्थापना केली. योगाच्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू केले. योग हा शब्द जगभर पसरण्यापूर्वी कितीतरी आधी या घाटमाथ्यावर त्याची नाडी मोजली जात होती.

चैत्र : एकवीरेची पालखी आणि लोखंडी वाट

चैत्र लागला की घाटमाथ्याचा रंग पालटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. कोकणपट्टीतले कोळी, आगरी आणि इतर अनेक कुळे चैत्री यात्रेला पालख्या घेऊन वर येतात. ढोल-ताशे वाजतात, गुलाल उधळतो, आणि समुद्राकाठची माणसे डोंगरावरच्या देवीपुढे मान तुकवतात. बंदरावरून घाटावर जाणारी ती प्राचीन वाट व्यापाऱ्यांनी सोडली, भिक्षूंनी सोडली, पण कोळ्यांनी सोडली नाही.

याच चैत्र-वैशाखाच्या सुमारास, २१ एप्रिल १८६३ रोजी, बोरघाटाची रेल्वे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते खुली झाली. तिची हकीकत नीट सांगायला हवी, कारण आजची ही दोन्ही गावे त्या रेल्वेची लेकरे आहेत.

मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली धावली. १८५६ साली रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचले, आणि १८५८ साली वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला होता. म्हणून पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीतून, तट्टावरून, नाहीतर बैलगाडीतून घाट चढून खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. खंडाळ्याच्या नशिबी आलेला तो वैभवाचा काळ. रूळ जोडले गेले आणि तो संपला.

हा मधला तुकडा जेमतेम सोळा मैलांचा, पण त्यात १८३१ फुटांची चढण. जेम्स बर्कले या मुख्य एंजिनिअरने त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल आखले. एके ठिकाणी डोंगराने वळायलाच जागा दिली नाही. तिथे गाडी थांबवायची, इंजिन पुढून काढून मागे जोडायचे आणि गाडी उलट दिशेने पुढच्या चढावर न्यायची, अशी युक्ती त्याने केली. ते 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ पर्यंत चालू होते. विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग काढल्यावर त्याची गरज संपली. चढावर गाडीला मागून रेटणारी इंजिने मात्र आजही कर्जतला जोडतात, आणि तेवढ्या वेळात प्रवासी बटाटेवडे खाऊन घेतात.

ही झाली कौतुकाची बाजू. दुसरी बाजू अशी की हे काम माणसांच्या जिवावर झाले. उभ्या कड्यावर दोरांनी माणसे खाली सोडत, लोंबकळतच ती खडकात भोके पाडत आणि त्यांत सुरुंगाची दारू भरत. १८६१ च्या सुमारास कामावरच्या मजुरांची संख्या ४२ हजारांवर गेली होती. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत मजूर बिथरले आणि दंगा झाला. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. मग त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले आणि दोन अनुभवी एंजिनिअरांच्या मदतीने ते तडीस नेले. ज्या काळात बाईने घराबाहेरचा हिशोब पाहणेही नवलाचे, त्या काळातली ही गोष्ट आहे. मजुरांतल्या बळींची नीट नोंद कोणी ठेवलीच नाही. पटकी, ताप आणि अपघात यांनी मेलेल्यांचे अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातात. बर्कलेचे नाव पुस्तकांत आहे, फ्रीअरचे आहे, ट्रेडवेलबाईंचेही आहे. त्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही.

लोकांना मात्र ही रुखरुख लागली असावी. घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला रूळ नेण्यासाठी वाट सापडेना, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि साहेबाने बक्षीस म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा घाटात सांगतात. तिला कागदाचा आधार नाही. पण तिथे येणारेजाणारे आजही गाडी हळू करून नाणे टाकतात. ज्या इतिहासात मजुराचे नाव लिहायचे राहून गेले, तिथे लोकांनी स्वतःच एक नाव घालून दिले, असे मला वाटते.

वैशाख : उघडी पडलेली जमीन

वैशाखात मुंबई-पुण्याचे लोक हवा खायला वर येतात. पूर्वी श्रीमंतांचे बंगले होते, आरोग्यधामे होती, महिना महिना मुक्काम असे. १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली आणि अंतर आणखी घटले. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर तर लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागले. करवंदे आणि जांभळे घेऊन ठाकर-कातकरी बाया रस्त्याच्या कडेला बसतात, त्यांचा हंगाम मात्र पूर्वीसारखाच चार आठवड्यांचा आहे.

या दिवसांत तळ्यांकडे गेलात तर वेगळेच दृश्य दिसते. पाणी खूप खाली गेलेले असते. लोणावळ्याचे तळे उथळ, त्याचा बराचसा भाग कोरडा पडतो आणि मुले त्यात क्रिकेट खेळतात. इथेच कधी काळी शेते होती.

ही तळी बांधण्याची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुशिल्पज्ञाने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. मुंबईच्या गिरण्या तेव्हा लांबून आणलेल्या कोळशावर चालत आणि शहर धुराने भरून जाई. लोणावळ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो. तो अडवून धरला आणि घाटाखाली सोडला तर त्याच्या जोरावर यंत्रे फिरतील, असा हिशोब होता. जमशेटजी १९०४ साली वारले. दोराबजी टाटांनी काम पुढे नेले. १९१० साली कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी कोनशिला बसवली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली. शिरवत्याचे पाणी बोगद्याने वळवणला येते, वळवणहून कालव्याने कड्यापर्यंत जाते आणि तिथून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते.

या हिशोबात एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. लोणावळ्यावर पडणारे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. इंद्रायणीचा उगम इथे कुरवंड्याजवळ होतो. तिथून ती देहूला जाते, आळंदीला जाते, पुढे भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. धरणांत अडवलेले पाणी मात्र पश्चिमेला वळवले जाते. वीज करून झाली की ते पाताळगंगेत उतरते आणि कोकणातून अरबी समुद्राला मिळते. देवाने एकीकडे वाहवलेले पाणी माणसाने दुसरीकडे वळवले. मुंबईला त्याने उजेड मिळाला, खालच्या कोकणाला पाणी मिळाले, आणि पूर्वेकडच्या दुष्काळी भागाने तेवढ्या पाण्याचा हक्क गमावला. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी म्हणूनच अधूनमधून ऐकू येते.

लोणावळ्याच्या तळ्यांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा आवाज फारसा कोणाच्या कानी पडला नाही. दक्षिणेकडे मुळशीला तसेच धरण बांधायचे ठरले तेव्हा मात्र मावळ्यांनी नकार दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पन्नासावर गावांचा प्रश्न होता. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यात मिळाली. बायकापोरे, म्हाताऱ्या, शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. तीन वर्षे लढा चालला, पण सावकारी पाशात अडकलेल्या कुळांच्या हाती मोबदला फारसा पडला नाही आणि मालकांनी पैसे घेऊन माघार घेतली. एकजूट फुटली. १९२४ च्या अखेरीस सेनापती बापट पुन्हा पकडले गेले आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले, १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले.

यात दुष्ट कोण आणि सुष्ट कोण, हे सांगून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास तसा सोपा नसतो. कोळशाच्या धुरातून मुंबईला सोडवणारी ही वीज होती, परक्या राजवटीत एका हिंदी उद्योगपतीने धरलेली ती मोठी हिंमत होती. आणि तीच वीज ज्यांच्या भातखाचरांवरून गेली, त्यांना तिचा पहिला दिवा मिळाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगताना दुसरी विसरायची नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

ज्येष्ठ ते भाद्रपद : पाऊस

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, पहिल्या सरीच्या आधी, राजमाचीच्या रानात काजव्यांनी झाडेच्या झाडे लखलखतात. मग ढग दरीतून वर चढतात आणि खंडाळ्याचा कडा दिसेनासा होतो. आषाढात तळी भरू लागतात. इंद्रायणीचे पाणी वाढते, आणि त्याच सुमारास तिच्या काठावरून, देहूहून आणि आळंदीहून, पालख्या पंढरीला निघतात. मावळातल्या खाचरांत भाताची लावणी सुरू होते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणालाही नदीचेच नाव आहे. 'इंद्रायणी' तांदळाचा मऊ, सुवासिक भात आता महाराष्ट्रभर घरोघरी शिजतो.

हा पाऊस रेल्वेच्या एंजिनिअरांनी धसकाच घ्यावा असा होता. १८६७ च्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. गाडी चालू झाल्याला तेव्हा चार वर्षे नुकतीच पुरी झाली होती. आजही दरवर्षी पावसाआधी सैल झालेल्या दरडी शोधून पाडाव्या लागतात. हे काम करणारी माणसे दोर बांधून कड्यावर लोंबकळतात, त्यांच्या पणजोबांच्या पिढीने केले तसेच.

आणि याच दिवसांत आपण सारे तिथे जातो. भुशीच्या पायऱ्यांवर पाणी आले की वाहनांची रांग लागते. पायऱ्यांवरून खेळकरपणे उतरणारे ते पाणी डोंगरात मात्र खेळकर नसते. वर रानात एक मोठी सर पडली की काही मिनिटांत ओढ्याला लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी भुशीच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात असाच लोंढा आला आणि एका कुटुंबातले पाच जण, त्यांत लहान मुलेही, वाहून गेले. सहलीला निघालेले, आपल्यासारखेच घर. त्यानंतर पाट्या लागल्या, बंदी आली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गर्दी झाली. इथले पाणी कोणासाठी आणि कशासाठी अडवले गेले, हे जो जाणतो तो त्याच्याशी जरा अदबीने वागतो. घाटमाथ्यावरचे म्हातारे पावसात ओढ्यात पाय घालत नाहीत, ते भित्रे म्हणून नव्हे.

भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी डोंगर जांभळे होतात. तिला फुलायला सात-आठ वर्षे थांबावे लागते. तळी पुन्हा काठोकाठ भरलेली असतात, आणि फेरी जिथून सुरू केली तिथे वर्ष येऊन ठेपते.

फेरीचा हिशोब

दोघी जावांचा संसार आता फार वाढला आहे. डोंगरांच्या उतारांवर इमारती चढल्या. बोरघाटाच्या जुन्या सडकेवरचा १८३० सालचा अमृतांजन पूल ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पाडला गेला. खोपोली ते कुसगाव या नव्या मार्गाचा बोगदा तर लोणावळ्याच्या तळ्याखालून नेला आहे. ज्या वाटेने सुरुवातीला बैल चालले, मग फौजा, मग इंजिने, ती वाट आता डोंगराच्या पोटात शिरली. खाली बोगद्यातून जाणाऱ्यांना वर पाणी आहे हे कळणारही नाही.

म्हणूनच या गावांना वर्षातून एकदा नव्हे, जमेल तितक्या ऋतूंत जावे. मुलांना बरोबर न्यावे. हिवाळ्यात कार्ल्याच्या लेण्यातले गंध्याचे नाव त्यांना दाखवावे, चैत्रात घाटातले बोगदे त्यांच्याकडून मोजून घ्यावेत, वैशाखात कोरड्या तळ्यात उभे करून इथे कोणाचे तरी शेत होते हे सांगावे, आणि पावसात पाण्यापासून चार हात लांब उभे राहून ते पाहायला शिकवावे. चिक्की तर मिळणारच आहे. घाटात शेंगदाणे आणि गूळ यांची गुडदाणी लोक आगगाडीच्या दिवसांपासून खात आले, असे दुकानदार सांगतात.

दिवाळीत संध्याकाळी मुंबईच्या घराघरांत एकाच वेळी दिवे लागतात, तेव्हा विजेची मागणी एकदम चढते. अशा वेळी पाण्यावरची वीज फार कामाची, कारण दार उघडले की क्षणांत चक्र फिरू लागते. अंगणातल्या पणतीत तेल आपण घालतो, ते आपल्याला दिसते. गच्चीवरच्या माळेत जळणाऱ्या दिव्यांत आषाढातला पाऊस आहे, मावळातली बुडालेली खाचरे आहेत, कड्यावर लोंबकळलेली माणसे आहेत. ते दिसत नाही. एवढी माहिती असली, की तोच दिवा थोडा अधिक उजेड देतो.